रानभाजी, पळसफूल आणि दुखणारे गुडघे

फाल्गुनात मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा या पट्ट्यातल्या रस्त्यांच्या कडा पळसाने केशरी झालेल्या असतात. होळीच्या मागेपुढे मोह गळू लागतो. उजाडण्याआधी टोपल्या घेऊन घरातली माणसे मोहाखाली जातात आणि ऊन चढेपर्यंत वाकून एकेक फूल वेचतात. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो आणि जुलैत चिखलात उभे राहून धानाची रोवणी. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वर्षातले बरेचसे काम असे कमरेत वाकूनच होते. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कंबर, गुडघे आणि खांद्याचे दुखणे काही नवे नसते.

या दुखण्यावर दोन उपाय पूर्वीपासून हाताशी आहेत. एक म्हणजे दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आणि दुसरा म्हणजे वैदूने सांगितलेला झाडपाला. आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. ‘नैसर्गिक दाहशामक’, ‘फ्लॅव्होनॉइडयुक्त’ असे छापलेली चूर्णाची पाकिटे आणि कॅप्सूल बाजारात मिळतात. पळस, शेवगा, जांभूळ, आवळा यांत असलेले द्रव्य शरीरातला दाह थांबवते आणि गोळीसारखे त्याचे दुष्परिणाम नाहीत, असा त्यांचा दावा असतो. या दाव्यात खरा भाग आहे. मात्र तो कुठपर्यंत खरा आहे, हे समजून घेतले नाही तर पैसे जातात आणि कधी कधी मूत्रपिंडही.

दाह म्हणजे नेमके काय

गुडघा सुजतो, लाल होतो, गरम लागतो आणि दुखतो. याला दाह म्हणतात. दाह हा मुळात आजार नसून शरीराची बचावाची रीत आहे. काटा रुतला, जंतू शिरला किंवा सांध्यावर सतत ताण आला, की त्या जागच्या पेशी धोक्याची सूचना देतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, पाणी साठते आणि सूज चढते. जखम भरली की हा दाह ओसरायला हवा. तो ओसरला नाही आणि महिनोन् महिने धुमसत राहिला, तर सांध्यांची कूर्चा झिजते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर चरबीचे थर चढायला मदत होते.

ही सूचना देण्याचे काम काही विकरे करतात. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातली एक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे हे प्रथिन असते. प्रत्येक पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचे मेदाम्ल असते. पेशीला इजा झाली की फॉस्फोलायपेज हे विकर ते आवरणातून तोडून बाहेर काढते. पुढे त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेवर सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे ‘कॉक्स’, हे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवते. वेदना, ताप आणि सूज यांच्यामागे मुख्यतः हीच द्रव्ये असतात. दुसऱ्या वाटेवर लायपॉक्सिजनेज, म्हणजे ‘लॉक्स’, हे विकर ल्युकोट्राइन बनवते. ते पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात आणि दम्यात श्वासनलिका आवळतात.

या दोघांखेरीज झँथिन ऑक्सिडेज हेही एक विकर आहे. त्याच्या कामातून युरिक आम्ल तयार होते. ते वाढून सांध्यात खडे जमले की अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. यालाच गाऊट म्हणतात.

गोळी काय करते

वेदनाशामक गोळी ‘कॉक्स’ची वाट अडवते. अ‍ॅस्पिरिन कित्येक दशके लोकांच्या वापरात होते, तरी ते कसे काम करते हे १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले. या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत मिळाले. पुढे १९९१ च्या सुमारास कळले की ‘कॉक्स’ एकच नाही. ‘कॉक्स-१’ रोजच्या कामाला असते. ते जठराचे अस्तर जपते आणि रक्त गोठायला मदत करते. ‘कॉक्स-२’ मुख्यतः इजा झाली की वाढते. नेहमीच्या बहुतेक गोळ्या दोघांनाही अडवतात. म्हणून दुखणे थांबते, पण उपाशीपोटी रोज गोळी घेणाऱ्याच्या जठरात जखमही होते.

मग फक्त ‘कॉक्स-२’ अडवले तर? अशी औषधे आली आणि खपलीही. त्यातल्या रोफेकॉक्सिबमुळे हृदयविकाराचे आणि लकव्याचे झटके वाढतात असे दिसल्यावर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. त्यातून एक धडा मिळाला. दाहाचे विकर कितीही त्रासदायक वाटले, तरी त्याच्याकडे दुसरी कामेही असतात आणि ते कडीकुलूप लावून बंद करता येत नाही.

चंद्रपूरकरांसाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दिवसभर तेंदूपत्ता तोडताना घामावाटे पाणी जाते आणि पिण्याचे पाणी कमी पडते. अशा वेळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करत असतात. नेमक्या त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ वेदनाशामक गोळी घेतली, तर तो आधारच निघून जातो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच ‘गोळीऐवजी पाला’ ही कल्पना लोकांना आकर्षक वाटते, आणि ती तपासून पाहणे गरजेचे ठरते.

झाडाचे द्रव्य, माणसाच्या पोटात

फ्लॅव्होनॉइड हे वनस्पतींनी स्वतःसाठी बनवलेले द्रव्य आहे. कार्बनची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल, असा त्याचा सांगाडा असतो. त्यावर कुठे काय जोडले आहे यावरून त्याचे हजारो प्रकार होतात. कडक उन्हापासून पानांचे रक्षण करणे, किडीला दूर ठेवणे आणि फुलाफळांना रंग देऊन कीटक-पक्ष्यांना बोलावणे, ही त्यांची कामे. पळसाचा केशरी रंग आणि जांभळाचा जिभेवर राहणारा निळा-जांभळा डाग, हे दोन्ही या कुळातल्या द्रव्यांमुळेच आहेत.

‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ साली लिंबू आणि लाल मिरचीतून असे द्रव्य वेगळे काढून त्याला ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले होते. नंतर ते नाव मागे पडले, कारण फ्लॅव्होनॉइड खाल्ले नाही म्हणून ठरावीक आजार होतो असे दिसले नाही. त्यामुळे आज त्यांची गणना जीवनसत्त्वांत होत नाही.

या दोन जिल्ह्यांतले स्वयंपाकघर फ्लॅव्होनॉइडच्या बाबतीत गरीब नाही. शेवग्याच्या, म्हणजे इकडच्या मुंगण्याच्या, पानांत क्वर्सेटिन आणि केम्फेरॉल भरपूर असते. रोजच्या कांद्यातही क्वर्सेटिन असते. पांढऱ्यापेक्षा लाल कांद्यात ते जास्त सापडते आणि सालीलगतच्या पाकळ्यांत सर्वाधिक. जांभळाच्या सालीत आणि लाल अंबाडीच्या बोंडांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असते. आवळ्यात फ्लॅव्होनॉइड थोडे असतात आणि त्यांचेच नातलग असलेले टॅनिन बरेच. उन्हाळ्यात सरबतासाठी आणि होळीच्या रंगासाठी भिजवल्या जाणाऱ्या पळसफुलांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन आणि ब्युटीन ही द्रव्ये असतात.

या झाडांशी इथल्या माणसांचे नाते रसायनशास्त्रापेक्षा कितीतरी जुने आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या स्त्रियांकडून झाडांविषयी मिळालेली माहिती ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवली आहे. कोणते झाड कशासाठी, कोणत्या महिन्यात आणि किती, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. प्रयोगशाळेचे काम त्याला खोडून काढण्याचे नाही. त्यातले काय, कसे आणि किती प्रमाणात घडते, हे तिथे तपासले जाते.

काचेच्या नळीत काय दिसते

‘कॉक्स’ किंवा ‘लॉक्स’ विकर काचेच्या नळीत घेऊन त्यात क्वर्सेटिन घातले, तर विकराचे काम मंदावते. शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले फ्लॅव्होनॉइड ‘लॉक्स’च्या बाबतीत विशेष परिणामकारक असतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. झँथिन ऑक्सिडेजवर क्वर्सेटिन, ल्युटिओलिन आणि अ‍ॅपिजेनिन हे तिघेही परिणाम करतात.

दुसरा परिणाम थोडा आडवळणाचा आहे. पेशीच्या आत ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे एक प्रथिन असते. धोक्याची सूचना मिळाली की ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि दाह वाढवणारी जनुके चालू करते. ‘कॉक्स-२’ तयार करण्याचा हुकूमही तिथूनच निघतो. काही फ्लॅव्होनॉइड या प्रथिनालाच रोखतात. म्हणजे ते विकराचे काम थांबवत नाहीत, ते विकर जास्त तयारच होऊ देत नाहीत.

पळसाबाबत नेमका असाच एक प्रयोग आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पळसफुलांतली ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन आणि ब्युटीन ही तिन्ही द्रव्ये माणसाच्या मास्ट पेशींवर तपासली गेली. अ‍ॅलर्जी आणि दाह यांत या पेशी पुढे असतात. चेतवलेल्या पेशींतून बाहेर पडणारी दाहाची संदेशद्रव्ये या तिघांमुळे कमी झाली आणि ‘एनएफ-कप्पा-बी’चे कामही मंदावले. पळसफुलांत दाह शमवणारे काहीतरी आहे, या जुन्या समजुतीला यातून आधार मिळाला.

पाकिटावरचा दावा इथपर्यंतच येऊन थांबतो. खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते.

नळीतून पोटात येताना

झाडात फ्लॅव्होनॉइड सहसा साखरेला जोडलेले असतात. कांद्यातल्या क्वर्सेटिनला ग्लुकोज जोडलेला असतो. लहान आतड्यातले एक विकर हा जोड तोडते, म्हणून कांद्यातले क्वर्सेटिन बऱ्यापैकी शोषले जाते. काही वनस्पतींत साखरेची जोडणी वेगळी असते. ती लहान आतड्यात तुटत नाही आणि द्रव्य तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ते फोडतात आणि त्यापासून लहान-लहान आम्ले तयार करतात. जांभळातले अँथोसायनिन तर मूळ रूपात फारच थोडे रक्तात पोहोचते. बाकीचे या जिवाणूंच्या हाती लागते.

जे शोषले जाते त्यालाही शरीर परके समजते. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात, म्हणजे ते पाण्यात सहज विरघळून लघवीवाटे बाहेर टाकता येते. त्यामुळे रक्तात फिरणारे द्रव्य नळीत घातलेल्या द्रव्यासारखे राहत नाही आणि त्याचे प्रमाणही अगदी थोडे असते. नेहमीच्या जेवणानंतर रक्तातले हे प्रमाण बहुधा एक मायक्रोमोलच्याही खाली राहते. नळीतल्या अनेक प्रयोगांत मात्र १० ते ५० मायक्रोमोल वापरलेले असते. विहिरीत चिमूटभर मीठ टाकणे आणि वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकणे, इतका हा फरक आहे.

म्हणजे सगळे वायाच जाते का? तसेही नाही. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये माणसाच्या रक्तवाहिन्यांतल्या चरबीचे थर तपासले. ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलेले क्वर्सेटिन तिथल्या भक्षक पेशींत साठलेले आढळले. या पेशींकडे तो जोड पुन्हा सोडवणारे विकर असते. जिथे दाह आहे तिथेच, थोड्या प्रमाणात का होईना, मूळ द्रव्य मोकळे होऊ शकते असा याचा अर्थ. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू फ्लॅव्होनॉइडपासून जी आम्ले बनवतात, त्यांचेही शरीरावर परिणाम होत असावेत असे संशोधक मानतात. परिणाम आहे, पण तो गोळीसारखा तासाभरात जाणवणारा नाही.

माणसांवर तपासले तेव्हा

नळी आणि उंदीर ओलांडून माणसांपर्यंत आलेले प्रयोग मोजके आहेत. २०१६ मध्ये युरिक आम्ल वरच्या पातळीवर असलेल्या २२ निरोगी पुरुषांना चार आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्वर्सेटिन देण्यात आले. नंतर त्याच माणसांना तितकेच दिवस निव्वळ दिखाऊ गोळी देऊन तुलना केली गेली. क्वर्सेटिनच्या काळात त्यांच्या रक्तातले युरिक आम्ल सुमारे ८ टक्क्यांनी उतरले. नळीत झँथिन ऑक्सिडेजवर दिसलेला परिणाम माणसातही दिसू शकतो, याचे हे चांगले उदाहरण. पण माणसे २२ होती आणि त्यांना गाऊट झालेला नव्हता.

२०१७ मध्ये इराणमध्ये संधिवाताच्या ५० स्त्रियांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. रोज ५०० मिलिग्रॅम क्वर्सेटिन घेणाऱ्या स्त्रियांचा सकाळचा सांध्यांचा ताठरपणा आणि दुखणे कमी झाले. त्यांची नेहमीची औषधे मात्र चालूच होती.

हे ५०० मिलिग्रॅम म्हणजे किती? कांद्यातून ते मिळवायचे तर रोज एक किलोहून अधिक कांदा खावा लागेल. म्हणून या प्रयोगांचे निष्कर्ष जेवणातल्या कांद्याला किंवा भाजीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. उलट, भाजीचे जुने चांगले नाव कॅप्सूलला लावणेही बरोबर नाही.

मोठ्या प्रयोगांत अमेरिकेतला ‘कॉसमॉस’ महत्त्वाचा आहे. त्यात २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुष होते. निम्म्यांना रोज कोकोतले ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल दिले गेले. २०२२ मध्ये निकाल आला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना खात्रीने म्हणावे इतक्या कमी झाल्या नाहीत. हृदयविकार आणि लकव्यासारख्या कारणांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि उपप्रश्नाचे ‘हो’ आले, म्हणून शास्त्रज्ञ अजून सावध आहेत.

जेवणाविषयीची सर्वांत उपयोगी माहिती डेन्मार्कमधून येते. तिथे ५६,०४८ माणसांच्या आहाराची नोंद करून त्यांच्याकडे २३ वर्षे लक्ष ठेवले गेले. आहारातून जास्त फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. हा फायदा दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅमपर्यंत वाढत गेला आणि पुढे थांबला. इथले ५०० मिलिग्रॅम हे सगळ्या प्रकारचे फ्लॅव्होनॉइड मिळून आहेत. चहा, फळे आणि भाज्या रोज खाल्ल्या तर ते जेवणातून मिळू शकतात. धूम्रपान करणारे आणि जास्त दारू पिणारे यांच्यात हा संबंध अधिक ठळक दिसला. तरीही हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे. जास्त फळे-भाज्या खाणारी माणसे इतर बाबतींतही तब्येत सांभाळणारी असू शकतात.

गडचिरोलीत हा प्रश्न का महत्त्वाचा

गडचिरोलीचे नाव निघाले की हिवताप आणि कुपोषण आठवते. ते प्रश्न संपलेले नाहीत. पण ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याने झाले होते. त्या गावांत मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते.

लकवा हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे आणि रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे धुमसणारा दाह त्याला हातभार लावतो. त्यामुळे दाहाच्या विकरांचा विषय केवळ गुडघ्यापुरता राहत नाही. मात्र त्यातला मोठा वाटा उच्च रक्तदाबाचा आहे. इथे खर्राही मागे नाही. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते आणि दाह वाढवते. गालात खर्रा ठेवून वर जांभूळ खाल्ले तर हिशेब बरोबरीत सुटत नाही. डेन्मार्कच्या अभ्यासातून तसा अर्थ काढणे चूकच ठरेल. तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे आणि रक्तदाबाची गोळी न चुकता घेणे, यांचा फायदा कोणत्याही फ्लॅव्होनॉइडपेक्षा कितीतरी पक्का आहे.

मोहाच्या बाबतीतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. मोहफूल पौष्टिक आहे, म्हणून मोहाची दारूही औषधी आहे, असे काही जण सांगतात. दारू गाळताना वाफ होऊन वर जाते ते अल्कोहोल आणि काही सुगंधी द्रव्ये. फ्लॅव्होनॉइड त्या वाफेसोबत जात नाहीत, ते भांड्यातच उरतात. फुलातली साखर तर आधीच आंबून अल्कोहोल झालेली असते. म्हणजे फुलात चांगले होते ते मागे राहते आणि पेल्यात येते ती निव्वळ दारू. वाळवलेली मोहफुले भाजून, शिजवून किंवा भाकरीत घालून खाण्याची जुनी रीत यापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे.

ताटात काय असावे

या सगळ्या संशोधनातून ताटासाठी निघणारा अर्थ साधा आहे. एकाच पाल्याचे चूर्ण महिनाभर खाण्यापेक्षा हंगामाप्रमाणे वेगवेगळी पाने, फुले आणि फळे थोडी-थोडी खात राहणे बरे. पावसाळ्यात तरोटा, कुरडू आणि अंबाडी. थंडीत मुंगण्याचा पाला आणि आवळा. उन्हाळ्यात पळसाचे सरबत. मृगाच्या सुमारास जांभूळ. जंगलपट्ट्यातले हे वेळापत्रक तयारच आहे. प्रत्येकात फ्लॅव्होनॉइडचा प्रकार वेगळा असतो आणि त्यांच्यासोबत तंतू, लोह, कॅल्शियम आणि ‘क’ जीवनसत्त्वही मिळते. ते कोणत्याही कॅप्सूलमध्ये एकत्र मिळत नाही.

विदर्भातली जवसाची चटणीही याच यादीत बसते. जवसातले ओमेगा-३ मेदाम्ल आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल यांची त्याच विकरांसाठी स्पर्धा चालते. ओमेगा-३ कुळातल्या मेदाम्लांपासून जी संदेशद्रव्ये तयार होतात, ती साधारणपणे कमी दाहक असतात. जवस भाजून कुटून खाल्ले तरच त्याचा उपयोग होतो. आख्खे दाणे बरेचसे न पचताच बाहेर पडतात.

शिजवण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. भाजी उकळून पाणी टाकले तर फ्लॅव्होनॉइडचा बराच भाग त्या पाण्यासोबत जातो. शक्य तिथे कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवावे किंवा ते पाणी वरणात घालावे. पण वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि काही रानकंद यांना हा नियम लावू नये. बांबूच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. ते भिजवून, उकळून पाणी टाकण्याची जी रीत आहे, ती जशीच्या तशी पाळली पाहिजे.

लोहाबाबतही काळजी हवी. चहातली आणि काही फळांतली टॅनिन-फ्लॅव्होनॉइड द्रव्ये धान्य-भाज्यांतले लोह पकडून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. रक्तक्षय असलेल्या गर्भवतीने किंवा किशोरवयीन मुलीने जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये. तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. जेवताना पालेभाजीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते.

पाकीट विकत घेण्याआधी

‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही. हिरव्या चहात असलेले ‘ईजीसीजी’ हे फ्लॅव्होनॉइड कपभर चहातून घेतले तर त्रास होत नाही. मात्र त्याचा अर्क गोळीतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले. दाट अर्क आणि औषधे यांचा निचरा यकृतातली तीच विकरे करतात. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो. अशी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही चूर्ण सुरू करू नये. आणि चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यासाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. सिकलसेलचे दुखणे दाहाशी जोडलेले असते, म्हणून ‘दाहशामक’ चूर्णाचा मोह होतो. पण हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ते एखाद्या पाल्याच्या भरवशावर बंद करणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला अचानक छातीत दुखले, दम लागला किंवा ताप आला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. वेदनाशामक गोळ्याही त्याने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण या आजारात मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असते.

इतरांसाठीही गोळीचा नियम सोपा आहे. उपाशीपोटी नको, उन्हात राबून लघवी कमी आणि गडद झाली असेल त्या दिवशी नको, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नको. दुखणे दोन आठवडे टिकले, सकाळी सांधे तासभर ताठ राहू लागले, शौच काळे होऊ लागले किंवा पायात मुंग्या आणि अशक्तपणा आला, तर तपासणीला जायलाच हवे.

रोवणीच्या दिवसांत गुडघा दुखणारच. त्या दिवशी मुंगण्याच्या भाजीने तो थांबणार नाही. शेक, थोडा आराम आणि विचारून घेतलेली एखादी गोळी हाच तेव्हाचा उपाय. मुंगणा, अंबाडी आणि जांभूळ यांचे काम वेगळे आहे. ती हंगामामागून हंगाम ताटात राहिली, तर त्यांचा उपयोग रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षांनी होतो. त्यासाठी ती झाडे जवळ असायला हवीत आणि तिथवर जाण्याचा हक्कही. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग आजही जंगलाखाली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला. त्या हक्काची चर्चा बहुतेकदा बांबूच्या उत्पन्नापुरती होते. त्याच जंगलातून गावाच्या ताटात येणारा पाला, फूल आणि फळ यांचा हिशेबही त्यात धरायला हवा.